हाडवाल्या बाई

बाई समोरच्या माणसाकडे बघू लागल्या की त्याला आपल्या शर्टाची बटणं नीट लागली आहेत ना, ते तपासावंसं वाटायचं. त्यांची नजर डोळ्यांवर थांबतच नसे. कपाळावरून कानशिलावर, तिथून जबड्याच्या कोपऱ्यावर, मग गळ्याखाली दोन हाडं जिथे भेटतात त्या खळगीत. भाजीवाला कांदे तोलत असायचा आणि बाई त्याच्या कोपराकडे टक लावून उभ्या. "काय झालं बाई, वजन बरोबर आहे," तो घाबरून म्हणायचा. "वजनाचं नाही रे. तुझं हाड छान आहे," बाईंचं उत्तर. त्या राहायच्या त्या कात्रप भागात त्यांना हाडवाल्या बाई म्हणत ते यावरून. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण त्यांना ठाऊक होतं. "नाव चुकीचं नाही, अर्धवट आहे," त्या म्हणायच्या. "मी मांसाचंही बघते."

बाई शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. मूळच्या कोकणातल्या, लग्न केलं नव्हतं. तरुणपणी मुंबईच्या कलाशाळेत त्यांनी जुन्या पद्धतीचं शिक्षण घेतलं होतं, म्हणजे आधी प्लास्टरचे पुतळे बघून काढायचे, मग जिवंत माणूस समोर बसवून काढायचा, मग त्याच्या अंगावरचं वस्त्र, आणि हे सगळं साधलं तरच देवादिकांची चित्रं. पुढे त्या कलाशाळेतसुद्धा ही पद्धत मागे पडली. बाईंच्या दोन खोल्यांत मात्र ती चालूच होती. हॉलमधून त्यांनी सोफा, टीव्ही, सगळं काढून टाकलं होतं. रविवारी सकाळी तिथे क्लास भरायचा.

माझी त्यांची ओळख उल्हासनगरला झाली. मी तिथे कॅम्पातल्या एका फ्लेक्सच्या दुकानात डिझाइनचं काम करतो. वाढदिवसाचे, निवडणुकीचे, उत्सवाचे बॅनर. एकदा नवरात्राच्या आधी बाई कसले तरी प्रिंट काढायला आल्या आणि माझ्या स्क्रीनवरची देवी बघत उभ्या राहिल्या. देवी कॉम्प्युटरनेच तयार केलेली होती. आजकाल चार शब्द लिहिले की देवी हजर होते.

"ही कोण?" बाईंनी विचारलं.

"देवी आहे, मॅडम."

"हिच्या या हाताला सहा बोटं आहेत. ते एक वेळ चालेल, देवी आहे. पण मनगट नाही. मनगटाशिवाय आशीर्वाद देणार कशी? हात गळून पडेल."

आमचे शेठ सिंधी. गल्ल्यावरून म्हणाले, "अरे मॅडम, मनगट कौन देखता है? चेहरे पे ग्लो मंगता है. पब्लिक को ग्लो दिया, पब्लिक खुश."

बाईंनी शेठकडे त्यांच्या पद्धतीने पाहिलं. "शेठ, तुमचं कपाळ फार सुरेख आहे हो. जुन्या चित्रांत म्हातारे संत असतात ना, तसं." शेठनी कपाळावरून हात फिरवला, मग पोऱ्याला हाक मारून बाईंसाठी स्टूल आणि चहा मागवला. मी तोवर देवीला मनगट बसवायचा प्रयत्न करीत होतो आणि ते जमत नव्हतं. जाताना बाई मला म्हणाल्या, "रविवारी ये. सोबत काही आणू नकोस. डोळे तेवढे आण."

मी तिशी ओलांडलेला, बायको-मुलगी असलेला माणूस. पण गेलो. पहिले कित्येक रविवार बाईंनी मला प्लास्टरचं एक पाऊल काढायला लावलं. नुसतं पाऊल. घोट्याजवळ मी जरा गोल वळण देऊन वेळ मारून नेली की मागून आवाज यायचा, "संदीप, इथे हाड आहे की लाडू?" त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "आधी हाड, मग मांस, मग वस्त्र. देव सगळ्यात शेवटी येतो, आणि त्याला बोलवावं लागत नाही."

काम करता करता बाई एकोणिसाव्या शतकातल्या गोष्टी सांगायच्या, आणि अशा सांगायच्या की ते सगळे चित्रकार जणू त्यांच्या मजल्यावर राहतात. युरोपातल्या अकादमींमध्ये तेव्हा धार्मिक चित्राचा मान सगळ्यात मोठा. पण काळ बदलला होता, लोकांना खरं बघायची सवय लागत चालली होती. मग एखादा चित्रकार आपल्या पाववाल्याला चादर गुंडाळून संत म्हणून बसवायचा. दुसरा येशूच्या चित्रासाठी बोटीने थेट पॅलेस्टाईनला जायचा. तिथली धूळ कशी, गाढवाच्या पाठीवर दोर कसा बांधतात, ते बघायला. एकाने येशूच्या बापाचं सुतारकामाचं दुकान काढायला घेतलं, तर खऱ्या सुताराच्या दुकानात जाऊन बसला. जमिनीवरचा भुसा, सुताराच्या दंडावरच्या शिरा, नखांतला मळ, सगळं जसंच्या तसं उतरवलं. चित्र लागलं आणि लोक खवळले. पवित्र कुटुंब एवढं गरीब? एवढं मळकट? "आता बघ," बाई म्हणायच्या, "सुतार होता हे सगळ्यांना मान्य. दर रविवारी देवळात ऐकत होते. फक्त सुतारासारखा दिसलेला चालेना."

ती पद्धत मग जहाजातून आपल्याकडे आली, आपल्या देवीदेवतांना तिने खांदे आणि मनगटं दिली, आणि छापखान्यांनी त्या तसबिरी घरोघरी पोचवल्या. बाईंच्या स्वयंपाकघरात आईकडून आलेली लक्ष्मीची अशी एक जुनी तसबीर होती. रंग उडालेला, काचेच्या आत एका कोपऱ्यात कुंकू साचलेलं. बाई पूजा करीत नसत. पण फडताळातून चहाची भांडी काढताना त्या तसबिरीपाशी थांबत. "ही कोणीतरी बाई होती," एकदा म्हणाल्या. "चित्रकारापुढे उभी राहून हिचे पाय दुखले असतील. घरी मूल रडत असेल. माझ्या आईने आयुष्यभर हिला हळदकुंकू वाहिलं. नमस्कार पोचला कुणाला?" मी म्हटलं, "तुम्हीच सांगा." त्या म्हणाल्या, "मला माहीत असतं तर मी चित्रं कशाला काढली असती?"

मी त्यांना सांगितलं की आमच्याकडे तसबिरीच नाहीत. आम्ही बौद्ध. धर्मांतर झालं तेव्हा माझ्या आजोबांनी घरातले सगळे देव बाहेर काढले. भिंतीवर उरले ते तथागत. बाईंनी ब्रश थांबवला. "मग तुमच्याकडचं काम अवघड," म्हणाल्या. "तो माणूस होता, असं तुम्ही स्वतःच सांगता. तरी तुमचे लोक त्याला सोन्यासारखा गुळगुळीत करून ठेवतात. तू सुद्धा बॅनरवर तेच करतोस."

आम्ही मांजर्लीला राहतो, नदीच्या बाजूला. एका पावसाळ्यात उल्हास नदीचं पाणी वस्तीत शिरलं तेव्हा आमच्या विहारातलं मोठं चित्र भिजून फुगलं आणि कागद सोलून आला. भिंत वाळून, गिलावा होऊन, रंग लागला तशी ती मोकळी भिंत सगळ्यांना खुपू लागली. कमिटीने ठरवलं की यावेळी छापील नको, हाताने काढलेलं तैलचित्र लावू. विषय सुजाता. कठोर उपासाने मरणाच्या दारात पोचलेल्या सिद्धार्थाला सुजाता खीर देते आणि तो ती घेतो, तो प्रसंग. मी बाईंचं नाव सुचवलं. कमिटीचे अध्यक्ष साळवेदादा. त्यांनी आधी विचारलं, "त्या आपल्यातल्या आहेत का?" मी नाही म्हटलं. दादा म्हणाले, "मग त्यांना यातलं कळतं का, ते मी स्वतः विचारतो." बाई भिंतीचं माप घ्यायला आल्या तेव्हा त्यांनी खरोखरच विचारलं, "बाई, तुमची बुद्धांवर श्रद्धा आहे का?"

"माझी श्रद्धा बघण्यावर आहे," बाई म्हणाल्या. "ती तुम्हाला पुरणार असेल तर काढते."

दादांना उत्तर आवडलं की नाही कळलं नाही, पण त्यांनी होकार दिला.

माप घेऊन झाल्यावर मी बाईंना चहासाठी घरी नेलं. आता माझ्या वडिलांबद्दल सांगायला हवं. बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होते. निवृत्तीनंतर विहारात रविवारची वंदना तेच घ्यायचे. आवाज असा की त्रिसरण सुरू झालं की रस्त्यावरची माणसं चालता चालता सावकाश व्हायची. पण पोटाचं ऑपरेशन झालं आणि ते निम्मे उरले. घास अडकायचा, उलटून यायचा, म्हणून त्यांनी जेवणाचीच धास्ती घेतली होती. ताट आलं की तोंड फिरवायचे. विहारात जाणं सोडलं, आरशात बघणं सोडलं. उकाड्यातही अंगावर शाल घेऊन आतल्या खोलीत बसायचे. आई वाटी घेऊन पुढे-मागे फिरायची आणि तीच वाटी परत न्यायची.

पाहुणे आले म्हणून त्या दिवशी बाबा बाहेर येऊन बसले. बाईंनी त्यांच्याकडे बघायला सुरुवात केली. कपाळ, कानशील, जबडा, गळ्याची खळगी.

"जरा शाल काढता?" बाई म्हणाल्या.

आई स्वयंपाकघराच्या दारातून तडकली, "आजारी माणूस आहे तो. त्यांना काय बघायचंय?"

"ताई, रागावू नका. मला उपाशी सिद्धार्थ काढायचाय. मी त्याच्यासाठी माणूस शोधतेय. जिममधली मुलं येतात, श्वास आत ओढून बरगड्या दाखवतात. ती उपाशी दिसत नाहीत. ती फोटोला बसल्यासारखी दिसतात."

बाबा हसले. किती तरी महिन्यांनी आम्ही त्यांना हसताना ऐकलं. "म्हणजे मी पास झालो म्हणायचं," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, हळू आवाजात, "पण बाई, मी काही तपश्चर्या करत नाही. मला भीती वाटते. घास उतरेल की अडकेल, याची."

बाईंनी समजूत काढली नाही. त्या विचारात पडल्या. म्हणाल्या, "त्यालाही वाटली असेल. एवढ्या उपासानंतरचा पहिला घास. हे मला सुचलं नव्हतं हो."

बाबांनी शाल काढून बाजूला ठेवली. आई आत निघून गेली, आणि बाईंनी तो चहा संपवेपर्यंत बाहेर आली नाही.

पुढच्या आठवड्यापासून बाई कात्रपहून आमच्याकडे येऊ लागल्या. कॅनव्हास आमच्या बाहेरच्या खोलीतच उभा केला होता; सकाळचं ऊन गॅलरीतून आत यायचं तेवढा वेळ काम. सुजाता त्यांना आधीच सापडली होती. त्यांना दूध घालायला सोनिवलीहून बेबीताई यायच्या, रुंद खांद्यांच्या, उन्हाने रापलेल्या. "मना कशाला बसवता बाई? मना म्हशींचा काम हाय," असं म्हणत त्या बाईंच्या हॉलमध्ये रेखाटनासाठी बसायच्या आणि बसल्या बसल्या बाईंनाच चार गोष्टी सुनवायच्या. सुजाताही गाईगुरांच्या घरातली. बाईंच्या मते हे दुधाचं भांडं उचलायची सवय असलेले दंड होते, आणि असे दंड मनाने काढता येत नाहीत.

बाबांना वाटी हातात धरून बसायचं होतं. आईने पहिल्या दिवशी रिकामी वाटी आणून दिली. बाईंनी ती परत केली. "रिकामी वाटी धरलेलं मनगट खोटं बोलतं, ताई. खीर घाला." आईने कुरकुरत तांदळाची खीर केली. बाबा वाटी धरून बसले. हात थरथरायचा, मग बाई विश्रांती द्यायच्या, आणि त्या विश्रांतीत बाबा कधीतरी चमचाभर खीर तोंडात घालायचे. बाई त्यावर चकार शब्द बोलत नसत. पुन्हा काम सुरू झालं की फक्त ओरडायच्या, "ताई, वाटी हलकी झाली. हात वर आला बघा. अजून घाला." आई पदराने तोंड झाकून खीर वाढायची. वाटी रोज संपायची असं नाही. कधी दोन चमचे, कधी नुसती गार होऊन साय धरायची. पण आई आता सकाळी उठून आधी दुधाचं बघायची, आणि बाई यायच्या दिवशी घर झाडून ठेवायची.

बाबा आणि बाई भांडायचेही. बाबांचं म्हणणं, सिद्धार्थाने वाटी दोन्ही हातांनी घेतली असेल, दान तसंच घेतात. बाई म्हणायच्या, एका हाताने तो जमिनीचा आधार घेतोय, कारण त्याच्यात बसण्याचीसुद्धा ताकद उरलेली नाही. "तुम्हीच बघा ना, तुमचा डावा हात कुठे आहे?" बाबांनी खाली पाहिलं. डावा हात सतरंजीवर टेकलेला होता. "हरलो," ते म्हणाले. शाल पांघरायची त्यांनी कधी सोडली ते आमच्या लक्षातही आलं नाही. उघड्या अंगाने गॅलरीत बसून ते खालून जाणाऱ्यांशी बोलू लागले होते.

चित्र होत आलं तेव्हा कमिटी आमच्या घरी बघायला आली. झाडाखाली तो बसला आहे. पोट पाठीला लागलेलं, खांद्याची हाडं वर आलेली, दाढी वाढलेली, ओठ फुटलेले. एक हात जमिनीवर. दुसऱ्या हातात वाटी, आणि सुजाता अजून वाटी पुरती सोडत नाहीये, त्याला पेलेल की नाही याची तिला खात्री नाही. कमिटीची माणसं जवळ जाऊन, मागे सरून बघत राहिली.

"काम झकास आहे बाई," शेवटी साळवेदादा म्हणाले. "पण भगवान असे... बरगड्या मोजता येतात हो."

"पोरं घाबरतील," दुसरं कोणी म्हणालं. "मागे थोडं तेजोवलय तरी?"

तेवढ्यात शेजारच्या लताकाकू पुढे आल्या, वाकल्या, आणि म्हणाल्या, "अगं बाई, हे तर संदीपचे बाबा!"

सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने बाबा. दादा म्हणाले, "हेच म्हणतोय मी. उद्या काका बरे होऊन पुन्हा खाली बसून वंदना घेणार आणि समोर भिंतीवरही काकाच. माणसांनी हात कुणाला जोडायचे?"

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "बरगड्या राहतील," त्या म्हणाल्या. "उपास दिसला नाही तर खिरीला काय अर्थ? तेजोवलय काढणार नाही, ते त्याला अजून मिळायचंय. पण चेहऱ्याचं तुमचं बरोबर आहे. बसवलेला माणूस ओळखू आला, तर चित्र करणाराचं काम अपुरं राहिलं. चेहरा मी बदलीन."

"बदला बाई," बाबा म्हणाले. "मला भिंतीवर चढायची हौस नाही."

चित्र कात्रपला गेलं. बाईंनी चेहऱ्याला हात लावण्याआधीच बाबांचा आजार उलटला. या वेळी हॉस्पिटलातून ते परत आले नाहीत.

बाबांच्या आठवणीसाठी ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला सारी वस्ती आली होती. साळवेदादा बोलायला उभे राहिले, बाबांच्या वंदनेबद्दल थोडं बोलले. मग म्हणाले, "त्या चित्राचा चेहरा बदलायचा नाही. काका तिथेच राहतील. कमिटीचं ठरलंय." लोक हो हो म्हणाले. आई इतका वेळ कोरडी बसली होती, ती तेव्हा रडली.

दुसऱ्या दिवशी मी कात्रपला गेलो. चित्र हॉलमध्ये खिडकीच्या बाजूला उभं होतं. बाबा तसेच होते, मान किंचित कललेली. मला तिथे बघवेना. मी दादांचा निरोप सांगितला. वाटलं होतं, बाईंना हायसं वाटेल, एवढं काम वाचलं. बाई बराच वेळ चित्राकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "नाही रे. बदलावा लागेल."

"आता कोणाचीच हरकत नाही बाई."

"माझी आहे."

"ते माझे बाबा आहेत," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता.

"म्हणूनच. इथे जो बसलाय त्याचं सगळं अजून व्हायचंय. तुझ्या बाबांचं झालं. चांगलं झालं, पुरं झालं. एका चेहऱ्यावर दोन्ही कसं मावेल, संदीप? लोक येतील आणि म्हणतील, बिचारे काका. त्या वाटीकडे कोणी बघणारच नाही."

"आईला मी काय सांगू?"

"तू नको सांगूस. मी येते."

त्या आल्या. आई भिंतीला टेकून बसली होती. बाई तिच्यासमोर खाली बसल्या. गुडघे दुखायचे त्यांचे, एरवी त्या खाली बसत नसत.

"पुसून टाकणार त्यांना?" आईने सरळच विचारलं.

"चेहरा फक्त. हात राहतील. छाती, बरगड्या. ती वाटी."

"हात मी कुठेही ओळखीन."

"तुम्ही ओळखाल. दुसरं कोणी नाही ओळखणार."

आईने पदर सारखा केला. मग म्हणाली, "त्यांनी तुम्हाला हो म्हटलं होतं. मी ऐकलंय."

"म्हटलं होतं."

"मग करा."

आईचा प्रश्न तिथे संपला. माझा संपला नव्हता. मी कित्येक महिने क्लासला गेलो नाही. दुकानात बॅनर करायचे आणि घरी यायचं. मला वाटायचं, या बाईंना माणसांपेक्षा चित्र मोठं आहे. साळवेदादाही नाराज होते. पण आईने होकार दिला म्हटल्यावर त्यांनी वाद घातला नाही.

चित्र विहारात लागलं त्या दिवशी मी मागच्या रांगेत उभा होतो. पडदा बाजूला झाला आणि मी आधी चेहराच पाहिला. तो बाबांचा नव्हता. माझ्या ओळखीच्या कोणाचाच नव्हता, नि तरी कुठल्या तरी स्टेशनवर, कुठल्या तरी दवाखान्याच्या बाकावर तो आपण पाहिला आहे असं वाटत होतं. डोळे वाटीकडे होते. त्यात भीती होती, आणि भीतीच्या पलीकडे नुकतंच काहीतरी ठरलेलं होतं. मला तेव्हा कळलं की बाबांची भीती बाईंनी पुसली नव्हती. वंदना सुरू झाली. आई पूर्ण वेळ चित्रातल्या हातांकडे बघत होती. बाहेर पडताना ती बाईंपाशी थांबली आणि म्हणाली, "डाव्या हाताची करंगळी त्यांचीच. वाकडी." बाई म्हणाल्या, "मशीनमध्ये आली होती ना? सांगितलं होतं त्यांनी."

मी पुन्हा रविवारी जाऊ लागलो. पाऊल संपवून मनगटापर्यंत पोचलो. शेठना आता बॅनर उशिरा मिळतात, ते वैतागतात, पण नव्या गिऱ्हाइकाला कौतुकाने सांगतात, "हमारे इधर देवी का हाथ बरोबर मिलेगा, साईं."

मग बाईंचे डोळे गेले. एकदम गेले नाहीत. पडद्याचा कसला तरी आजार होता, वयाचा. कडेचं दिसायचं, मधलं दिसायचं नाही. बाईंनी हे पहिल्यांदा सांगितलं तेही तक्रारीच्या सुरात नाही, नवल वाटल्यासारखं. "तुझ्याकडे बघितलं की तुझे कान दिसतात. खांदे दिसतात. मध्ये तू नाहीस." त्यांनी एक-दोन महिने कडेने बघत चित्र काढायचा प्रयत्न केला, मान वाकडी करून, पक्ष्यासारखी. मग ब्रश धुऊन ठेवले. कोल्हापूरची भाची न्यायला येते म्हणाली. पुतळे क्लासच्या मुलांना वाटले गेले. मला ते पाऊल मिळालं.

निघायच्या आदल्या दिवशी बाई म्हणाल्या, "मला मांजर्लीला ने." मी रिक्षाने त्यांना विहारात नेलं. दुपारची वेळ, आत कोणी नव्हतं. एक मावशी फरशी पुसत होत्या. सोनिवलीच्या नव्या इमारतींत नुकत्याच राहायला आलेल्या, देशावरच्या. त्यांनी बाबांना पाहिलं नव्हतं आणि बाई कोण हेही त्यांना माहीत नव्हतं.

बाई चित्रासमोर उभ्या राहिल्या. मान डावीकडे कलती केली, मग उजवीकडे. त्यांना चौकट दिसत असावी, झाडाचा शेंडा, सुजाताच्या पदराचा काठ. मधलं काही नाही. मी सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवून मला थांबवलं.

"मावशी," त्या म्हणाल्या, "मला नीट दिसत नाही. या चित्रात काय आहे, सांगता?"

मावशींनी पोछा बादलीत ठेवला, पदराला हात पुसले आणि जवळ आल्या. "एक मानूस बसलाय बगा झाडाखाली. लई उपाशी हाय. पार हाडं हाडं झालीत."

"आणि?"

"आन एक बाई खीर घिऊन आलीय. चांगल्या घरची वाटती. त्याला देतीय."

"बुद्ध आहेत का ते?" बाईंनी विचारलं.

मावशींनी वर पाहिलं. नीट, वेळ घेऊन पाहिलं.

"व्हतील की," त्या म्हणाल्या. "आजून न्हाईत. आदी खाऊ तर द्या त्याला."

बाईंना मी कधी कशापुढेही हात जोडताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशीही त्यांनी जोडले नाहीत. जरा वेळ तशाच उभ्या राहिल्या, मग माझा दंड धरून वळल्या आणि दाराकडे चालू लागल्या. "चल," म्हणाल्या, "त्याला जेवू दे."